सलाईनमधून औषध इतकं हळू का सोडतात?

गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला छोट्या बाटलीतलं अँटिबायोटिक तासभर थेंबथेंब दिलं जातं. इंजेक्शन टोचून मिनिटभरात का उरकत नाहीत? व्हँकोमायसिनचं उदाहरण घेऊ.

बोर्निओच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेलं हे औषध १९५८पासून वापरात आहे. त्याचा रेणू इतका मोठा, की तो आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. म्हणून रक्तातल्या, हाडांतल्या किंवा हृदयाच्या झडपांवरच्या संसर्गासाठी ते शिरेतूनच द्यावं लागतं. जिवाणू आपल्याभोवती भिंत बांधत असतात. गवंड्याच्या हातातली वीटच कुणी धरून ठेवावी, तसं हे औषध त्या भिंतीच्या कच्च्या मालाला चिकटून बसतं. भिंत कमकुवत होते आणि जिवाणू मरतो.

मात्र हेच औषध भरभर रक्तात गेलं, तर शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाबही उतरतो. म्हणूनच एक ग्रॅम औषधाला किमान ६० मिनिटं देतात.

हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. त्यांचं काम मंदावलं असेल, तर ते रक्तात साचतं आणि मूत्रपिंडांनाच आणखी इजा करू शकतं. त्यासाठी मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय हे दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासतात.

तेव्हा सलाईनचं चाक स्वतः फिरवून वेग वाढवू नका. खाज सुटली, अंग लाल झालं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच नर्सला सांगा. पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी झाली असेल, तर ते सुरुवातीलाच सांगा.