सांधेसूज आणि वनस्पतीतील औषधी घटक

- आमवात: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वयानुसार होणारी सांध्यांची झीज हा वेगळा आजार. युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाऊट तिसरा.

- हळद: पुसद भागातले ओळखीचे पीक. भौगोलिक मानांकन: वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला २०१६, पुसदशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीला २०२४ मध्ये.

- कर्क्युमिन: हळदीचे पिवळे द्रव्य. १८१५ मध्ये प्रथम वेगळे काढले. हळदीत साधारण २ ते ५ टक्के. आतड्यातून कमी शोषले जाते. मिरीतील पिपरिनमुळे शोषण वाढते.

- सालई: विदर्भाच्या पानझडी जंगलातला वृक्ष. डिंकातील बोस्वेलिक आम्ले सूज वाढवणाऱ्या ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला अटकाव करतात.

- कळलावी: कंदात आणि बियांत कोल्चिसिन. ते गाऊटवरचे मान्यताप्राप्त औषध. वनस्पती मात्र अत्यंत विषारी. कंद खाल्ल्यास मृत्यू येऊ शकतो.

- सद्यस्थिती: आमवातावर कर्क्युमिनच्या मानवी चाचण्या झाल्या, पण बहुतेक लहान. उपचारातले मुख्य औषध मेथोट्रेक्सेट.

- खबरदारी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. स्वयंपाकातली हळद आणि कॅप्सूल यांच्या मात्रेत मोठा फरक.