‘१०० एमबीपीएसपर्यंत’ म्हणजे नेमके किती?

जामुल (भिलाई) : छत्तीसगडमधील जामुलसारखे कारखान्याचे नगर असो वा महानगर, रात्री नऊच्या सुमारास ब्रॉडबँड मंदावले की पुरवठादाराने क्षमतेपेक्षा जास्त जोडण्या विकल्याचा आरोप होतो. आरोप बहुधा खरा असतो. मात्र अशी विक्री हा मुळात गैरप्रकार नव्हे. तिच्याविना घरगुती इंटरनेट परवडणारच नाही. विजेच्या रोहित्रावरही सर्व घरांच्या मंजूर भाराची बेरीज क्षमतेहून अधिक असू शकते, कारण सर्व उपकरणे एकाच क्षणी चालत नाहीत.

प्रश्न मर्यादेचा आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी १:५० आणि व्यावसायिकांसाठी १:३० असे प्रमाण सुचवले. त्यानुसार १ गीगाबिटच्या वाहिनीवर १०० एमबीपीएसचे ५०० ग्राहक बसतात. सर्वांनी एकदम पूर्ण मागणी केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस येतात. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान वेग नेमका एवढाच आहे!

प्रत्यक्षात १५० घरांत प्रत्येकी ५ एमबीपीएसचे चलच्चित्र सुरू असेल, तर ७५० एमबीपीएस खर्च होतात आणि कोणाचेच अडत नाही. क्रिकेट सामन्याच्या रात्री हीच संख्या २०० झाली की वाहिनी तुडुंब भरते. म्हणूनच ग्राहकसंख्येच्या प्रमाणापेक्षा गर्दीच्या वेळचा वापर हा अधिक प्रामाणिक निकष ठरतो. ट्रायच्या २००६ च्या नियमांत तो होता: गर्दीच्या वेळी वाहिनीचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा, ९० टक्क्यांपुढे कोंडी मानावी. उरलेली जागा वाया जात नाही. माहितीचे प्रवाह धक्क्याधक्क्याने येतात. मोकळीक नसल्यास रांग वाढते, विलंब होतो आणि व्हिडिओ कॉल तुटू लागतो.

घरापर्यंतची फायबर सहसा दोषी नसते. प्रचलित जीपॉन तंत्रात सुमारे २.५ गीगाबिट ३२ घरांत विभागले, तरी प्रत्येकी ७५ एमबीपीएसहून अधिक मिळतात. कोंडी होते ती बहुधा पुढे, पुरवठादाराने विकत घेतलेल्या वाहिनीत. ती वाढवण्याचा खर्च टाळला, की जोडण्यांची विक्री ग्राहकाच्या मुळावर येते.

संगणक राउटरला तारेने जोडून दुपारी आणि रात्री नऊ वाजता वेग मोजता येतो. दोन्ही वेळा तो पुरेसा असेल, तर दोष घरातील वायफायचा असू शकतो. केवळ रात्रीच तो घसरत असेल, तर सामायिक वाहिनीबद्दल पुरवठादाराला जाब विचारण्यास आधार मिळतो.