दलाल स्ट्रीट परिसराची जुनी चित्रे : मुंबईच्या आर्थिक इतिहासाचे एक दृश्य साधन

प्रस्तावना

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि वास्तू यांना साधन म्हणून जे स्थान मिळाले आहे, ते चित्रांना व छायाचित्रांना बराच काळ लाभले नाही. पुस्तकाच्या पानावर ती बहुधा मजकुराची शोभा वाढविण्यासाठी येतात. वर्गातही जुन्या मुंबईचे चित्र दाखविले जाते ते विषय रंजक व्हावा म्हणून. त्या चित्राला प्रश्न विचारले जातात असे क्वचितच घडते. वस्तुतः चित्र हाही एक दस्तऐवज असतो. तो कोणी, कोणासाठी, कोणत्या तंत्राने आणि कोणत्या वर्षी तयार केला, हे तपासल्याशिवाय त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

प्रस्तुत लेखात मुंबईच्या कोट भागातील दलाल स्ट्रीट व त्याचा परिसर, म्हणजे टाऊन हॉल, आजचे हॉर्निमन सर्कल आणि त्यांना जोडणारे रस्ते, यांच्या ऐतिहासिक चित्रांचा विचार केला आहे. ही चित्रे काय दाखवितात, काय दाखवू शकत नाहीत आणि त्यांचा काळ कसा ठरवावा, हे तीन मुद्दे येथे क्रमाने मांडले आहेत.

परिसराची ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकात मुंबईच्या तटबंदीच्या आत 'बॉम्बे ग्रीन' नावाचे मोठे मोकळे मैदान होते. १७१८ मध्ये सुरू झालेले सेंट थॉमस चर्च याच मैदानाच्या काठी आहे. निर्यातीसाठी आलेल्या कापसाच्या गाठी या मैदानावर रचल्या जात. १८४४ मध्ये कापसाचा व्यापार कुलाब्याकडे हलविण्यात आला. मैदानाच्या पूर्वेस कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्यानुसार बांधलेला टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बेची स्थापना झाली आणि या भागाला वित्तीय केंद्राचे रूप येऊ लागले.

१८५५ च्या सुमारास टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली काही दलाल एकत्र जमून समभागांचे व्यवहार करीत असत, अशी मुंबई शेअर बाजाराची परंपरागत हकिगत आहे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या सट्टापर्वातील सर्वांत प्रभावी नाव होय. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली तेव्हा असंख्य व्यापारी बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही या आघातातून सावरली नाही; १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली.

याच दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडण्यात आली. बॉम्बे ग्रीनच्या जागी वर्तुळाकार उद्यान व त्याभोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती उभारण्याची कल्पना पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांची. हे 'एल्फिन्स्टन सर्कल' १८७२ मध्ये पूर्ण झाले. दलाल मात्र जागा बदलत राहिले. मेडोज स्ट्रीट व एस्प्लनेड रोड यांच्या नाक्यावर काही वर्षे व्यवहार केल्यानंतर १८७४ मध्ये ते आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर स्थिरावले. ९ जुलै १८७५ रोजी 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. त्या वेळी प्रवेश शुल्क एक रुपया आणि सभासदसंख्या ३१८ होती.

छायाचित्रणापूर्वीची चित्रे

या परिसराची आरंभीची चित्रे युरोपीय हातांनी काढलेली आहेत. कंपनीच्या सेवेत १७६६ मध्ये मुंबईस आलेल्या जेम्स फोर्ब्ज यांच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरिएंटल मेमॉयर्स' या ग्रंथात बॉम्बे ग्रीनचे चित्र आहे. १८२६ च्या सुमारास जोझे गोन्साल्विस या मुंबईतील आरंभीच्या शिलामुद्रकाने शहरातील दृश्यांची शिलामुद्रित चित्रे प्रसिद्ध केली.

अशा चित्रांची रचना पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. चर्च, सरकारी इमारती व मोकळी जागा यांना चित्रात मध्यवर्ती स्थान असते. माणसे आकाराने लहान असून ती प्रमाण दाखविण्यासाठी किंवा स्थानिक रंग भरण्यासाठी योजलेली असतात. पालखी, छत्री धरणारा नोकर, बैलगाडी हे घटक चित्रकाराने आपल्या सोयीने मांडलेले असू शकतात. म्हणून इमारतीच्या रचनेसाठी या चित्रांचा आधार घेता येतो. परंतु त्यातील गर्दी अथवा शांतता ही त्या दिवसाची नोंद समजता येत नाही. तसेच रेखाटन एका वर्षीचे आणि मुद्रण अनेक वर्षांनंतरचे असणे ही त्या काळातील नित्याची गोष्ट होती. फोर्ब्ज यांच्या ग्रंथाचे वर्ष १८१३ असले तरी त्यातील मुंबई १८१३ ची नव्हे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील साल चित्राला देणे ही म्हणूनच मोठी चूक ठरते.

छायाचित्रण आणि रिकाम्या रस्त्याचा प्रश्न

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारही याच काळात पुढे आले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचा संग्रह क्रमशः प्रसिद्ध केला. म्हणजे वडाखालच्या दलालांचा काळ आणि मुंबईतील छायाचित्रणाचा प्रारंभ हे जवळजवळ एकाच वेळचे आहेत. असे असूनही त्या काळातील बाजाराची प्रतिमा मनात उभी राहते ती छायाचित्रांतून नव्हे, तर लिखित हकिगतींतून. याचे एक कारण तंत्रात आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच ते धुवावे लागे. छायाचित्रकाराला काळोखी तंबूही बरोबर न्यावा लागे. उघड्यावरील दृश्यासाठीही भिंग काही सेकंद उघडे ठेवणे भाग असे. एवढ्या वेळात इमारत स्थिर राहते, परंतु चालणारा माणूस पुसट डागासारखा उमटतो किंवा मुळीच उमटत नाही. भिंतीला टेकून उभा असलेला पहारेकरी, थांबलेली घोडागाडी, झाडाखाली निजलेला हमाल हे चित्रात राहतात. हातवारे करीत भाव बोलणारा दलाल राहत नाही.

एल्फिन्स्टन सर्कलच्या १८७० च्या दशकातील छायाचित्रांकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. त्यांतील कमानींच्या रांगा, लोखंडी कठडे, उद्यान आणि टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या स्पष्ट व रेखीव दिसतात. रस्ते मात्र निर्मनुष्य भासतात. ही चित्रे पाहून एखाद्या विद्यार्थ्याने तत्कालीन मुंबई शांत व शिस्तबद्ध होती असा निष्कर्ष काढला, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु ती शांतता रस्त्याची नसून काचेवरील रसायनाची आहे. बाजार म्हणजे हालचाल, आणि हालचाल तेवढीच या तंत्राच्या पकडीबाहेर राहिली. त्यामुळे वसाहतकालीन शासनाने उभारलेला दगड नोंदला गेला आणि ज्यांच्या शब्दावर लाखोंची उलाढाल होत होती ती माणसे नोंदीतून गळाली. बॉर्न अँड शेफर्डसारख्या व्यावसायिक संस्थांची दृश्ये विकत घेणारा ग्राहक बव्हंशी युरोपीय होता, ही बाबही येथे लक्षात घेतली पाहिजे. त्याला हवी होती ती भव्य इमारत. गल्लीतला सौदा नव्हे.

१८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटीन काचा बाजारात सर्वत्र मिळू लागल्या आणि सेकंदाच्या अंशात चित्र घेणे शक्य झाले. त्यानंतरच्या छायाचित्रांत पगड्या, टोप्या, छत्र्या आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे यांनी भरलेला रस्ता दिसू लागतो. अचानक गर्दी वाढली असा याचा अर्थ नाही. गर्दी पूर्वीही होती. ती आता दिसू लागली, एवढेच.

चित्रांचा काळ ठरविण्याची पद्धती

जुन्या चित्रांवर दिलेली साले अनेकदा अंदाजाने लिहिलेली असतात. त्यांची पडताळणी चित्रातील अंतर्गत पुराव्यावरून करता येते. मुंबईच्या संदर्भात पुढील टप्पे उपयुक्त ठरतात. तटबंदी किंवा चर्च गेट दिसत असल्यास चित्र १८६० च्या दशकातील पाडकामापूर्वीचे अथवा त्या सुमाराचे असते. फ्लोरा फाउंटन दिसल्यास ते १८६४ नंतरचे. रस्त्यावर गॅसचे दिवे असल्यास ते १८६५ किंवा त्यानंतरचे. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी व विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली; म्हणून डोक्यावर विजेच्या तारा असलेली ट्राम दिसत असेल तर चित्र १९०७ पूर्वीचे असू शकत नाही. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. मोटारबस जुलै १९२६ मध्ये सुरू झाली आणि ट्रामची अखेरची फेरी ३१ मार्च १९६४ रोजी झाली.

येथे तर्काची एक मर्यादा पाळणे आवश्यक आहे. एखादी वस्तू चित्रात असणे हा पुरावा आहे. ती नसणे हा तसा पुरावा नाही. दलाल स्ट्रीटसारख्या अरुंद रस्त्याच्या चित्रात ट्राम नाही म्हणून ते ट्रामपूर्व काळातील ठरत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेल्या चित्रमय पोस्टकार्डांबाबत अधिक सावधगिरी हवी. कार्डावरील टपालाचा शिक्का ते पाठविल्याचा दिवस सांगतो, छायाचित्र घेतल्याचा नव्हे. एकच छायाचित्र अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापले जाई. भारतातील दृश्यांची पुष्कळ कार्डे जर्मनीत छापली जात आणि त्यांवरील रंग मूळ दृश्य न पाहिलेल्या कारागिरांनी भरलेले असत. त्यामुळे पगडीचा लाल किंवा इमारतीचा पिवळा रंग पुरावा म्हणून वापरता येत नाही.

रस्त्यांची बदललेली नावे हाही एक अडथळा आहे. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आजचा वीर नरिमन रोड, मेडोज स्ट्रीट म्हणजे नगीनदास मास्टर रोड, अपोलो स्ट्रीट म्हणजे मुंबई समाचार मार्ग, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग. एल्फिन्स्टन सर्कलला स्वातंत्र्यानंतर 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. ही जोडी माहीत नसल्यास एकाच जागेची दोन चित्रे दोन वेगळ्या ठिकाणांची वाटतात. दलाल स्ट्रीट हे नाव मात्र टिकले. एखाद्या अधिकाऱ्याचे नव्हे, तर धंद्याचे नाव धारण करणारा हा रस्ता आहे.

विसाव्या शतकातील प्रतिमा

१८९९ मध्ये दलालांच्या स्वतःच्या सभागृहाचे उद्घाटन झाले. पुढे भारतीय वृत्तपत्रांतील छायाचित्रांमुळे या परिसराच्या प्रतिमेचा केंद्रबिंदू बदलला. इमारतीऐवजी माणूस चित्राच्या मध्यभागी आला. उंचावलेले हात, उघडी तोंडे आणि एकमेकांना खेटून उभे असलेले दलाल ही व्यवहारगृहातील छायाचित्रे बाजाराची ओळख बनली. पॉल स्ट्रँड यांच्या १९१५ मधील 'वॉल स्ट्रीट' या प्रसिद्ध छायाचित्रात मॉर्गन बँकेच्या प्रचंड काळ्या खिडक्यांपुढून जाणारी माणसे क्षुद्र भासतात. मुंबईच्या व्यवहारगृहातील छायाचित्रांत याच्या उलट, वास्तू मागे पडते आणि माणसांचा समुदाय चौकट भरून टाकतो.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या व अध्यक्ष फिरोज जीजीभॉय यांचे नाव दिलेल्या उंच इमारतीने दलाल स्ट्रीटची दृश्य ओळख पुन्हा बदलली. १४ मार्च १९९५ रोजी संगणकीय व्यवहारप्रणाली सुरू झाली आणि आरोळ्यांचा बाजार संपुष्टात आला. त्यानंतर भाव चढले वा पडले की वृत्तपत्रांत दिसू लागले ते इमारतीवरील फलकाकडे मान वर करून पाहणारे लोक. जानेवारी २००८ मध्ये सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडविलेला कांस्य बैल तेथे बसविण्यात आला. बाजारातील माणसे दिसेनाशी झाली तेव्हा त्यांची जागा एका प्रतीकाने घेतली.

चित्र आणि मजकूर यांचा मेळ

चित्रांतील उणीव भरून काढण्यासाठी समकालीन लेखनाकडे वळणे अपरिहार्य ठरते. गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये, म्हणजे ऐन सट्ट्याच्या काळात प्रसिद्ध झाले. आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ चा. तरुण वयात ही उलथापालथ पाहिलेल्या दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये तिचा स्वतंत्र इतिहास लिहिला. अशा ग्रंथांतून छायाचित्रांच्या रिकाम्या रस्त्यावर माणसे परत येतात. याउलट इमारतींची उंची, रस्त्याची रुंदी, सावलीची जागा यांविषयी मजकूर मोघम बोलतो, तेथे चित्र नेमके उत्तर देते. म्हणून ही दोन साधने परस्परपूरक मानली पाहिजेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, दलाल स्ट्रीट परिसराची चित्रे ही मुंबईच्या आर्थिक इतिहासाची मोलाची साधने आहेत. मात्र ती तंत्र, ग्राहक आणि मुद्रणव्यवहार यांच्या मर्यादांसह वाचावी लागतात. आज अशी चित्रे सहज उपलब्ध होतात, परंतु अनेकदा ती निर्माता, साल व स्थळ यांच्या नोंदीपासून तुटलेली असतात. अशा चित्राचा अध्यापनात किंवा शोधनिबंधात वापर करताना किमान चार गोष्टींची नोंद व्हावी : चित्र कोणी काढले, कोणत्या तंत्राने काढले, मूळ कोठे प्रसिद्ध झाले आणि त्यातील कोणत्या पुराव्यावरून काळ निश्चित केला. ही शिस्त पाळली नाही, तर रिकाम्या रस्त्याचे चित्र हाच इतिहास ठरेल आणि त्या रस्त्यावर उन्हात उभे राहून ज्यांनी बाजार घडविला ते दलाल, मेहते आणि हमाल दुसऱ्यांदा पुसले जातील. छायाचित्रकाराच्या काचेला त्यांची हालचाल टिपता आली नाही, हा तंत्राचा दोष होता. अभ्यासकाने त्यांना न शोधणे हा मात्र पद्धतीचा दोष ठरेल.