कार्यगटातील विश्वास व खुला अभिप्राय

कार्यगटातील विश्वास म्हणजे आपली शंका, चूक किंवा असहमती सहकाऱ्यांसमोर मांडल्यास अपमान वा शिक्षा होणार नाही, अशी गटातील व्यक्तींना वाटणारी खात्री होय. सहकाऱ्याच्या कामाविषयीचे मत त्याच्या पाठीमागे न बोलता त्याच्यासमोर सांगणे, याला खुला अभिप्राय म्हणतात. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कार्यगटातील 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना मांडली. त्याआधी रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करताना त्यांना चांगल्या गटांत औषधे देण्यातील चुकांची नोंद कमी नव्हे, तर अधिक आढळली होती. अशा गटांत चुका लपवल्या जात नाहीत, असा अर्थ त्यांनी लावला.

गोंदिया जिल्ह्यातील बचत गट

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला गोंदिया हा धानउत्पादक जिल्हा आहे. येथे कार्यालयांपेक्षा महिला बचत गटांत ही संकल्पना अधिक स्पष्ट दिसते. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) व 'उमेद' अभियानाशी जोडलेल्या गटांत साधारणपणे १० ते २० सदस्य असतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड व हिशेबलेखन या 'पंचसूत्री'वर त्यांचे काम चालते.

बैठकीत बचत व हप्त्याची रक्कम सर्वांसमोर मोजून गटाच्या वहीत आणि सदस्याच्या पासबुकात नोंदवली जाते. एखादीचा हप्ता थकला की दुसरीचे कर्ज लांबते. त्यामुळे विचारणा करणे भागच पडते. ही विचारणा व्यक्तीच्या स्वभावाविषयी नसून वहीतील आकड्याविषयी असते, हे या पद्धतीचे खरे बळ होय. रोवणीच्या दिवसांत बैठका चुकल्या, तर पहिला आघात या सवयीवरच होतो.

अडचणी

गटातील स्त्रिया बहुधा एकाच वस्तीतील, अनेकदा नात्यातीलही असतात. थकबाकीदार सदस्य अध्यक्षांची जाऊ असेल, तर बोलणार कोण? वही लिहिणारी एकच साक्षर सदस्य असल्यास इतरांना नोंदी पडताळता येत नाहीत. म्हणून जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवणे आणि पदे आळीपाळीने देणे आवश्यक ठरते. मात्र वसुलीसाठी एखादीला चारचौघांत लाज आणणे हा अभिप्राय नव्हे. आजारपण किंवा नापिकीमुळे हप्ता चुकलेली सदस्य अशा वेळी अडचण सांगण्याऐवजी बैठकीलाच येणे टाळते आणि गटाला थकबाकीचे कारणही कळत नाही.

बँकेशी जोडणी

राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ मध्ये ५०० गटांच्या प्रायोगिक प्रकल्पातून बचत गटांना बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. कर्ज देण्यापूर्वी बँक बैठकांची नियमितता, परतफेड व हिशेबाच्या वह्या तपासते. वहीतील चूक दडवली गेल्यास कर्ज संपूर्ण गटाचे अडते.