काळा राजपुत्र आणि नाइटांचें ब्रीद

स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ज्यांनीं विद्यार्थिदशेंत वाचली असेल, त्यांच्या मनांत मध्ययुगीन युरोपांतील ‘नाइट’ची मूर्ति कायमची ठसलेली असते. अंगांत चिलखत, हातांत भाला, अबलांचें रक्षण हें ब्रीद आणि दिलेल्या शब्दासाठीं प्राण वेंचण्याची सिद्धता! ही मूर्ति अगदींच काल्पनिक आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तें व्रत घेणारे तें पाळीतही असत. मात्र कोणाशीं पाळीत, हा प्रश्न आहे.

पुढील काळीं ‘काळा राजपुत्र’ या नांवानें प्रसिद्ध झालेला इंग्लंडचा युवराज एडवर्ड याचेंच उदाहरण घ्या. १३५६ च्या सप्टेंबरांत पॉइटियर्सच्या रणांत फ्रान्सचा राजा जॉन त्याच्या हातीं लागला. त्या रात्रीं राजपुत्रानें बंदिवान राजास स्वतःच्या हातांनीं वाढलें, आणि एवढ्या थोर वीराच्या पंक्तीस बसण्याची आपली योग्यता नाहीं, असें म्हणून तो सेवेस उभाच राहिला, असें त्या काळचा बखरकार फ्रॉइसार्ट लिहितो. सौजन्याचा याहून सुंदर नमुना शोधूनही सांपडणार नाहीं.

पण आदल्याच वर्षीं, १३५५ त, हाच राजपुत्र बोर्दोहून निघून थेट नारबोनपर्यंतचा मुलूख जाळीत गेला होता. वाटेंत कार्कासोनचें खालचें शहर भस्म झालें. ही कांहीं बेफाम शिपायांची बेबंदशाही नव्हे. त्याचा कारभारी जॉन विंगफील्ड यानें स्वदेशीं धाडिलेल्या पत्रांत, फ्रान्सच्या राजाच्या युद्धखर्चाचा केवढा मोठा भाग या उद्ध्वस्त मुलुखांतून येत असे, हें मोठ्या समाधानानें नमूद केलें आहे. शेतकऱ्याची गंजी पेटविणें हें लढाईचें एक कलमच होतें.

आणि सौजन्यासही हिशेब होता. जिवंत धरलेला सरदार म्हणजे खंडणीचें भांडवल. कुणब्याचें प्रेत काय देणार? राजा जॉनच्या सुटकेचें मोल १३६० च्या तहांत तीस लक्ष सुवर्णनाणीं ठरलें, आणि त्यासाठीं फ्रान्समध्यें मिठावर, द्राक्षमद्यावर व विक्रीच्या मालावर कर बसले. पुढें ओलीस ठेवलेला मुलगा शब्द मोडून पळाला, तेव्हां हा राजा आपण होऊन इंग्लंडच्या बंदिवासांत परत गेला व १३६४ त लंडन येथें वारला. त्याच्यापुढें मस्तक नमविल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. परंतु त्या अब्रूचे हप्ते मीठ-भाकर खाणारी रयत फेडीत होती, हेंही विसरवत नाहीं.

लिमोजची हकीकत याहून कठोर आहे. १३७० त तेथील बिशपनें नगर फ्रेंचांच्या हवालीं केलें. राजपुत्राचा त्याच्यावर मोठा विश्वास होता. आजारी राजपुत्र डोलींतून वेढ्यावर आला. सुरुंगानें तट पडला व सैन्य आंत घुसलें. स्त्रिया, पुरुष व मुलें गुडघे टेकून दया मागत होतीं, पण राजपुत्रानें तिकडे लक्ष दिलें नाहीं, असें फ्रॉइसार्ट सांगतो. तीन सहस्रांवर माणसें मारलीं गेलीं हा त्याचा आंकडा आजचे इतिहासकार मानीत नाहींत. ते तीनशेंच्या आसपास धरितात, आणि दोष कोणाचा याविषयींही वाद आहे. आम्हांस मात्र बखरींतील पुढचा तपशील अधिक बोलका वाटतो. तीन फ्रेंच सरदार भिंतीस पाठ लावून शौर्यानें झुंजत होते. डोलींतून ती झुंज पाहतां पाहतां राजपुत्राचा राग निवळला, आणि त्यांची शरणागति स्वीकारली गेली. ज्यानें नगर दिलें, तो बिशपही पोपच्या रदबदलीमुळें जिवंत सुटला.