चुनखडीचा पहाड, पाणी आणि सायकलवाट

भूमध्य समुद्रात स्पेनच्या पूर्व किनाऱ्यापासून काही अंतरावर बालेआरिक नावाचा द्वीपसमूह आहे. मायोर्का हे त्यातील सर्वांत मोठे बेट. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भंडारा जिल्ह्याहूनही थोडे कमीच. या बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ९० किलोमीटर लांबीची एक पर्वतरांग गेली आहे. उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्यावरून तिला सेरा दे ट्रामुंटाना असे नाव पडले. तिचे सर्वोच्च शिखर पुच माजोर सुमारे १,४४० मीटर उंच, म्हणजे कळसूबाईहून काहीसे कमी उंचीचे आहे.

ही संपूर्ण रांग प्रामुख्याने चुनखडीची आहे. दरवर्षी वसंत ऋतूत युरोपच्या निरनिराळ्या देशांतून हजारो सायकलस्वार येथे येतात. व्यावसायिक स्पर्धकांची पथकेही हिवाळ्यातील सरावासाठी याच बेटाची निवड करतात. घाटांची लांबी, रस्त्यांची सफाई आणि सौम्य हवामान ही या आकर्षणाची उघड कारणे होत. परंतु हा मार्ग ज्या उतारांवर उभा आहे ते उतार शतकानुशतके माणसांनी बांधून व राखून ठेवलेले आहेत, ही बाब सहसा लक्षात येत नाही.

पाणी गिळणारा खडक

सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनला. ट्रामुंटानाची चुनखडी समुद्रतळाशी साचलेल्या गाळापासून बनली. पुढे भूकवचाच्या दाबाने हे थर दुमडले, एकमेकांवर चढले आणि त्यांचे पर्वत झाले. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू मिसळला की ते किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळविते. भेगा रुंदावतात, पृष्ठभागावर सुऱ्यासारख्या धारदार कडा उमटतात आणि पोटात गुहा व भुयारी प्रवाह तयार होतात.

परिणाम असा की, पर्वताच्या मध्यभागी वर्षाला १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही बारमाही वाहणारी नदी आढळत नाही. पाणी खडकात शिरते आणि जेथे खाली पाणी न मुरणारा चिकणमातीचा थर लागतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. काम्पानेत गावाजवळील फॉन्त्स उफानेस हे याचे उत्तम उदाहरण होय. एरवी कोरड्या असणाऱ्या ओकच्या रानात मोठ्या पावसानंतर जमिनीतूनच पाण्याचे लोट उसळतात आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा नाहीसे होतात. २००१ मध्ये या स्थळाला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

गडगे, पाट आणि पाळी

अशा भूमीत माती व पाणी ही दोन्ही दुर्मीळ ठरतात. म्हणून येथील शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर दगडी भिंती रचून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार केली. या भिंतींत चुना वा सिमेंट नसते. कोकणात ज्याला गडगा म्हणतात त्याच जातीचे हे बांधकाम. दगडात दगड बसवून केलेले. अशा भिंतीच्या फटींतून पाणी झिरपून जाते. मागची माती कितीही भिजली तरी पाण्याचा दाब साठत नाही आणि भिंत फुटत नाही. आवश्यक तेथे शेतांच्या बाजूने व खालून दगडी नाल्या काढून वादळी पावसाचे पाणी ओढ्यापर्यंत पोहोचविलेले असते.

दहाव्या शतकाच्या आरंभापासून १२२९ पर्यंत या बेटावर मुस्लिम सत्ता होती. त्या काळातील पाट, भूमिगत कालवे व पाणचक्क्या यांची परंपरा नंतरच्या ख्रिस्ती राजवटीतही चालू राहिली. बान्यालबुफार या गावात झऱ्याचे पाणी हौदांत साठवून पाळीपाळीने शेतांना देण्याची पद्धत रूढ झाली. धुळे व नाशिक भागातील फड पद्धतीशी परिचित असणाऱ्यांना हा व्यवहार सहज समजेल. शिखरांजवळ हिवाळी बर्फ खड्ड्यांत दाबून ठेवून उन्हाळ्यात विकला जाई. रानात कोळशाच्या व चुन्याच्या भट्ट्या लागत. माणूस व पर्वत यांच्या या दीर्घ सहकार्याची दखल घेऊन २०११ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाचा सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश केला.

आंद्राच ते पोयेन्सा

सायकलस्वारांचा मुख्य मार्ग म्हणजे मा-१० हा रस्ता. नैर्ऋत्येकडील आंद्राचपासून ईशान्येकडील पोयेन्सापर्यंत त्याची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे. सराव असलेला स्वार हे अंतर एका दिवसात कापतो. प्रदेश पाहत जाणाऱ्याने तीन दिवस राखून ठेवणे इष्ट.

पहिल्या टप्प्यात एस्तेयेंक्स, बान्यालबुफार, वाल्देमोसा व देया ही गावे लागतात. रस्ता समुद्राच्या वर, पायऱ्यांच्या शेतांमधून व ऑलिव्हच्या बागांतून चढउतार करीत सोयेरच्या संत्र्यांच्या खोऱ्यात उतरतो. पाल्मा या राजधानीकडून सोयेरला येण्यासाठी ४९६ मीटर उंचीच्या खिंडीतून एक जुना घाटरस्ताही आहे. त्याला पन्नासाहून अधिक वळणे आहेत. १९९७ मध्ये डोंगराखालून बोगदा खुला झाला आणि मोटारींची बहुतांश वाहतूक तिकडे वळली. बोगद्यात सायकलींना प्रवेश नाही; त्यामुळे जुना घाट आपोआपच सायकलस्वारांच्या वाट्याला आला.

दुसरा टप्पा सर्वांत खडतर आहे. सोयेरपासून सुमारे १४ किलोमीटरांची सलग चढण पुच माजोरच्या खांद्यावर, सुमारे ८५० मीटर उंचीपर्यंत नेते. पुढे कूबेर व गोर्ग ब्लाऊ हे दोन जलाशय लागतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले हे जलाशय पाल्मा शहराला पाणी पुरवितात. त्यानंतर ल्यूक येथील मठ येतो. तेथे यात्रेकरूंप्रमाणे प्रवाशांचीही निवासाची सोय होते. तेथून पोयेन्सापर्यंतचा तिसरा टप्पा बहुतांशी उताराचा आहे.

डोंगराच्या कलाने गेलेला रस्ता

गोर्ग ब्लाऊच्या पुढे एक फाटा सा कालोब्रा या समुद्रकाठच्या वस्तीकडे उतरतो. अभियंता आंतोनिओ पारिएत्ती यांनी आखलेला हा रस्ता १९३२ मध्ये पूर्ण झाला. ६८२ मीटर उंचीच्या खिंडीतून समुद्रसपाटीपर्यंत तो सुमारे साडेनऊ किलोमीटरांत पोहोचतो. सरासरी चढ ७ टक्के, म्हणजे दर शंभर मीटरला सात मीटर. दोन डझनांहून अधिक तीव्र वळणे त्यावर आहेत. एके ठिकाणी तर रस्ता पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच खालून जातो. या वळणाला टायची गाठ असे नाव मिळाले आहे. बोगदे न खणता, डोंगराच्या घडणीप्रमाणे वळण घेत रस्ता न्यायचा आणि खोदलेला दगड भरावासाठी वापरायचा, हे या कामाचे वैशिष्ट्य होते. काम बहुतांशी हातांनीच झाले. सा कालोब्राहून परतण्यास दुसरा रस्ता नाही. जो उतरला त्याला तेवढेच चढावे लागते. शेजारीच तोरेंत दे पारेइस ही पाण्याने चुनखडीत कोरलेली खोल घळ समुद्राला मिळते.

पाहुणे आणि भार

मायोर्कातील पर्यटनाचा मोठा लोंढा जुलै-ऑगस्टमध्ये येतो. नेमक्या त्याच काळात पाऊस जवळजवळ नसतो व पाण्याची मागणी शिगेला पोहोचते. सायकलस्वार मात्र मुख्यतः फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. एरवी बंद राहणारी निवासस्थाने, उपाहारगृहे व दुरुस्तीची दुकाने त्यामुळे चालू राहतात आणि स्थानिकांना अधिक महिने रोजगार मिळतो. सायकलीला ओलांडताना मोटारचालकाने किमान दीड मीटर अंतर राखावे, हा स्पेनमधील नियमही या वाहतुकीला उपकारक ठरला आहे.

तथापि प्रश्न संपलेले नाहीत. अरुंद रस्त्यावर सायकलींचे मोठे जथे, पर्यटक बस व खाजगी मोटारी यांची कोंडी होते. फॉर्मेन्तोरच्या भूशिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर २०१८ पासून उन्हाळ्यात खाजगी मोटारींवर निर्बंध घालून बससेवा सुरू करण्यात आली. पर्यटनाच्या अतिरेकामुळे घरे महागली, म्हणून २०२४ मध्ये पाल्मात हजारो नागरिकांनी मोर्चे काढले.

याहून सावकाश, पण खोलवर होणारी हानी डोंगरउतारावर आहे. पर्यटन वाढले तशी तरुण पिढी शेती सोडून किनाऱ्याकडे गेली. पडीक शेतातील भिंतीचा एक दगड निसटला आणि तो कोणी बसविला नाही, तर पुढील पावसात भिंतीला खिंडार पडते. माती वाहते, नाली बुजते आणि पाणी खालच्या भिंतीवर आदळते. असे पाणी अखेर रस्त्यावर येते. हे ओळखून १९८० च्या दशकात या बेटावर कोरड्या दगडकामाचे शिक्षण देणारी शाळा सुरू करण्यात आली. तेथे तयार झालेल्या कारागिरांनी जुन्या पाऊलवाटा व भिंती पुन्हा उभ्या केल्या. २०१८ मध्ये स्पेनसह आठ युरोपीय देशांची ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंदविली गेली. जुलै २०१६ पासून मुक्कामी पर्यटकांकडून प्रत्येक रात्रीमागे एक कर घेतला जातो. त्यातून पर्यावरण, पाणी व वारसा यांच्या जतनाची कामे हाती घेतली जातात. हिवाळ्यात येणाऱ्यांना त्यात सवलत आहे.

डोंगराळ भागात पर्यटनमार्गाचा विचार करणाऱ्यांना या अनुभवातून बरेच घेता येईल. मार्गाची आखणी करताना केवळ डांबरी पट्टीचा हिशेब पुरत नाही. वरच्या उतारावरील बांध कोण राखणार, झऱ्याचे पाणी गावाला किती आणि पाहुण्याला किती, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत किती माणसे यावीत आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पैशांतला वाटा त्या बांधापर्यंत कसा पोहोचावा, हे प्रश्न प्रारंभीच सोडवावे लागतात. सा कालोब्राच्या वळणांवरून उतरणाऱ्या स्वाराला दोन्ही बाजूंच्या भिंती शोभेच्या वाटत असतील. प्रत्यक्षात त्याच्या चाकाखालील रस्ता त्यांच्याच आधाराने उभा आहे.