भूकंप आणि आपली वस्ती : किल्लारीचे धडे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच निजली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ अशा गावांच्या जागी दगडमातीचे ढीग उरले. सुमारे आठ हजार माणसे गेली. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना ती पहाट ठाऊक नाही. त्यांच्या पालकांपैकीही अनेकांना ती धूसरच आठवते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तो इतिहास पुन्हा मांडत आहोत.

पहिला प्रश्न असा, की इतकी माणसे का मेली? याहून कितीतरी मोठे भूकंप जगात होतात आणि त्यांपैकी अनेकांत याहून फार कमी जीवितहानी होते. उत्तर घरांच्या बांधणीत आहे. मराठवाड्यातील माळवदी घराच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड बहुधा नसत. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षे पडत गेलेली नवी माती. हादरा बसताच भिंतीच्या दोन बाजू फाकल्या, दगड निसटले आणि छपराची माती झोपलेल्या माणसांवर आली. याउलट कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपडीचे छप्पर हलके असते. ते कोसळले तरी त्याखालून माणूस निघू शकतो. गावात ज्या घराला प्रतिष्ठा होती, तेच सर्वांत घातक ठरले.

हे संकट अगदी अचानकही आले नव्हते. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून धक्के जाणवत होते. परंतु तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला. मात्र ती सुधारणा हजारो चिता पेटल्यानंतरची होती.

अशा वेळी ‘दैवी कोप’ हे उत्तर फार लवकर सुचते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९३४ चा बिहारचा भूकंप आठवतो. तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेला दंड आहे, असे गांधीजींनी म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर हरकत घेतली. वरवर पाहता गांधीजींचे म्हणणे आपल्या बाजूचे वाटेल. तरीही ते आम्हाला मान्य नाही. भूकंपाला पाप-पुण्य कळत नाही. त्या भूकंपात अस्पृश्यही मेलेच. कारण शोधल्याशिवाय निवारण होत नाही. आणि कारण दैवात शोधले, की भिंत दुरुस्त करण्याचे काम कोणीच हाती घेत नाही.

मात्र भूकंपाला जात नसली तरी पुनर्वसनाला असू शकते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यावरील सात हेक्टरपर्यंतच्यांना ४०० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, हा निकष नव्हता. जमीन नाही म्हणून घर लहान. आणि जमीन का नाही, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतरही मदतवाटपात दलित आणि मुस्लिम कुटुंबांशी दुजाभाव झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६१ ने मदतकार्यात लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे.

किल्लारीचा आणखी एक धडा आशेचा आहे. जी गावे हलवली नाहीत, तेथील घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. अनुदान कसे मिळते, भिंतीला आरपार दगड कोठे घालायचे, छपराची माती का कमी करायची, हे त्यांनी शिकून घेतले आणि घरोघरी समजावले. कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या स्त्रिया तेथे गेल्या आणि आपला अनुभव तेथील भगिनींना दिला. संकटातून शिकलेला समाज तो धडा दुसऱ्याला देऊ लागतो, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने सावरला, असे आम्ही मानतो.

जपानमधील कोबे शहराचा १९९५ चा अनुभवही हेच सांगतो. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना शेजाऱ्यांनीच काढले होते. कोण कोणत्या खोलीत झोपते, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. परंतु जेथे शेजाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचीच बंदी असते, तेथे हे ज्ञान कोठून येणार? बंधुता हे संविधानातील मूल्य ढिगारा उपसण्याच्या वेळीही लागते. ते त्या क्षणी निर्माण होत नाही. आधीच्या अनेक वर्षांत ते कमवावे लागते.

आता आपल्या शाळेविषयी. नेपाळचा २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी झाला. हजारो वर्गखोल्या पडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. निवासी शाळेला असा शनिवार नसतो. कोयनेचा १९६७ चा भूकंपही पहाटे चारनंतर झाला होता. त्या वेळी आपल्या वसतिगृहातील प्रत्येक खाट भरलेली असते. म्हणून आम्हाला काही गोष्टी तातडीच्या वाटतात. इमारतींची तपासणी जाणकार अभियंत्याकडून व्हावी. रात्री वसतिगृहाच्या दाराला बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आम्ही पाहिली आहे. ती आपल्याकडे कदापि नसावी. कपाटे भिंतीला पक्की जोडलेली असावीत. हादरे चालू असताना जिन्यात गर्दी न करता मजबूत मेजाखाली डोके-मान झाकून थांबायचे आणि हादरे थांबताच मैदानात जमायचे, याचा सराव दिवसा आणि रात्रीही व्हावा.

वस्तीतील काम माजी विद्यार्थ्यांचे आहे. तुमच्यात गवंडी आहेत, अभियंते आहेत, परिचारिका आणि शिक्षक आहेत. घर बांधताना जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपरापाशी सलग पट्टा घ्या, हे गवंड्याने सांगितले तर लोक ऐकतात. विहारात एक वही ठेवा : कोणत्या घरात वृद्ध, अपंग, गरोदर स्त्री आहे, कोणाचे घर कच्चे आहे, घर कोणाच्या नावावर आहे. विधवा आणि भूमिहीन कुटुंबांची कागदपत्रे आधीच पुरी करून घ्या. मदतीच्या यादीतून कागदाअभावी नाव वगळले जाते, तेव्हा ते बहुधा अशाच घराचे असते.

पुढचा धक्का केव्हा येईल, हे कोणीही सांगू शकत नाही. त्या पहाटे आपल्या मुलांच्या दाराला कुलूप नसेल आणि वहीत प्रत्येक घराचे नाव असेल, एवढे मात्र आपल्या हातात आहे.